जुन्या पिकअपचा भरवसा

जुन्या पिकअपच्या मालकाला गाडीच्या भरवशाविषयी विचारले असता महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात ‘आजवर रस्त्यात सोडलं नाही’ हेच उत्तर मिळते, आणि उत्तर देणारा त्या वेळी गॅरेजच्या बाकड्यावर बसलेला असला, समोर गाडीचा गिअरबॉक्स उतरवून ठेवलेला असला, तरी त्याच्या आवाजातील खात्री तसूभरही कमी होत नाही. वरवर पाहणाऱ्यास यात खोटेपणा दिसतो. बारकाईने पाहिल्यास मात्र असे आढळते की मालक खोटे बोलत नसून, रस्ता कशाला म्हणावे, सोडणे कशाला म्हणावे आणि मुळात गाडी कशाला म्हणावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने गाडी घेतल्यानंतर स्वतःपुरती ठरवून घेतलेली असतात. जुन्या वाहनाचा भरवसा हा त्या वाहनाचा गुण नसून मालकाने केलेली कामगिरी आहे, असे म्हणण्यास यामुळे बरीच जागा राहते.

पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी मोटारीच्या मागे कारखान्यातच हौदा बसवून ती विकायला काढली, आणि पुढे तो प्रकार त्या देशात शेतकऱ्यांइतकाच शेतकरी दिसण्याची हौस असलेल्या नोकरदारांनीही आपलासा केला. महाराष्ट्रात ही हौस कोणाला परवडलेली नाही. येथे मोटारधंद्याची सुरुवात विलीज जीप जोडण्यापासून केलेल्या महिंद्राची बोलेरो पिकअप आणि टाटांनी २००५ साली आणलेली, लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे बारसे केलेली एस, या दोहोंनी गावच्या मालवाहतुकीचा बराच भार उचलला; त्यातही एसची मूळ आवृत्ती दोन सिलिंडरांच्या जेमतेम सातशे घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनावर हा भार उचलत होती, हे लक्षात घेतल्यास हत्ती हे नाव ठेवणाऱ्यांचा आशावाद ध्यानी येतो. नवी गाडी घेणारा बहुधा कर्ज काढतो आणि हप्ते फिटेपर्यंत ती दामटतो. त्यानंतर ती ज्याच्याकडे येते, तो या लेखाचा विषय आहे.

जुन्या वाहनाच्या व्यवहारात विकणाऱ्याला सर्व काही माहीत असते आणि घेणाऱ्याला काहीच माहीत नसते, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात गणित मांडून सिद्ध केले. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता आणि त्यांपैकी दोघांना तो विषय क्षुल्लक वाटला होता. त्या संपादकांनी जुनी गाडी कधी घेतली नसावी, एवढाच निष्कर्ष यातून काढता येतो. पुढे २००१ साली अकरलॉफ यांना याच कामाबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माहितीच्या या विषमतेमुळे घेणारा प्रत्येक गाडी वाईटच असणार असे धरून भाव पाडून मागतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक ती विकत नाही, आणि बाजारात उरतात त्या बहुतांशी विकण्याजोग्याच गाड्या, असा त्या सिद्धान्ताचा सारांश आहे. मात्र अकरलॉफ यांच्या समीकरणांत मिस्त्री नाही, आणि ही त्रुटी आपल्याकडे गंभीर मानली पाहिजे.

घेणारा गाडी पाहायला एकटा जात नाही. तो ओळखीचा मिस्त्री बरोबर नेतो. मिस्त्री प्रथम बोनेटवर तळहात ठेवतो, कारण थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होते की नाही हीच खरी परीक्षा असून, विकणाऱ्याने पाहुणे येण्याआधी गाडी अर्धा तास चालू ठेवली असेल तर पत्रा ते सांगून टाकतो. त्यानंतर धुराचा रंग पाहिला जातो: काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा येतच राहिला तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडले जाते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर जळालेला वायू खाली उतरून त्या तोंडातून भकाभका बाहेर येतो, आणि याला गॅरेजच्या परिभाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. ही तपासणी शास्त्रशुद्ध आहे याबद्दल दुमत नाही. प्रश्न इतकाच उरतो की गाडी चांगली निघाली तर मिस्त्रीला चहा मिळतो आणि वाईट निघाली तर पुढची अनेक वर्षे काम मिळते. अशा स्थितीतही तो बहुधा खरे सांगतो, हा मानवी स्वभावाच्या बाजूने मोठा पुरावा आहे. घेणारा मात्र तोवर गाडीच्या रंगावर भाळलेला असतो आणि मिस्त्रीने मान हलवली तर तिचा अर्थ तो आपल्या सोयीने लावतो.

विकणाऱ्याची भाषाही ठरलेली असते. ‘एक रुपयाचं काम नाही’ याचा अर्थ काम एक रुपयात होणारे नाही असा घ्यावा. ‘इंजिनला पाना लागलेला नाही’ हे विधान देखभालीच्या दृष्टीने पाहिले तर कबुलीजबाबच आहे, पण ते अभिमानाने केले जाते आणि अभिमानानेच ऐकले जाते. ‘टायर सत्तर टक्के’ या मापात टक्के म्हणजे टायरवरील नक्षीची उरलेली खोली अपेक्षित असते. ती कोणत्याही उपकरणाने न मोजता टायरला चपलेने ठोकून ठरवली जाते, आणि झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवलेला, म्हणजे रिमोल्ड केलेला टायर या मापात एकदम नव्वदच्या घरात जातो. स्टेपनीला कोणी टक्के लावत नाही. मीटरविषयी तर दोन्ही पक्षांत मौन पाळण्याचा संकेत आहे, कारण तो बंद असेल तर कधी बंद पडला हे कळत नाही आणि चालू असेल तर कधी चालू केला हे कळत नाही.

कागदपत्रांवरून गाडीचा इतिहास कळतो, अशी सरकारची समजूत आहे. हस्तांतरणासाठी एकोणतीस आणि तीस क्रमांकाचे नमुने भरावे लागतात, गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी पस्तीस क्रमांकाचा, आणि मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने ती चौदा दिवसांत कळवायची असते. प्रत्यक्षात मात्र गाडी तीन हातांतून गेलेली आणि पुस्तकावर अजून पहिल्याचेच नाव, असे प्रकरण दुर्मीळ नाही, आणि असा पहिला मालक दूरच्या कुठल्या तरी शहरात आपण विकलेल्या गाडीचे दंड आपल्या मोबाइलवर येताना पाहत बसलेला असतो.

अभ्यासूने म्हणून कागदांपेक्षा काच वाचावी. पिकअपची पुढची काच, केबिनची पाठ आणि मागचा फाळका, म्हणजे हौद्याचे उघडझाप होणारे मागचे दार, यांवर प्रत्येक मालक आपले दैवत आणि आपली मुले यांची नावे लिहून ठेवतो, आणि नवा मालक हे सगळे काढत नाही. मुलांची नावे रंगवून झाकता येतात, पण देवाचे नाव खरवडण्याचे धाडस कोण करणार. त्यामुळे जुन्यावर नवे असे थर चढत जातात. काचेवर सप्तशृंगी, तिच्याखाली जोतिबा आणि फाळक्यावर एकवीरा असेल, तर गाडी कोळीवाड्याकडून कोल्हापूरमार्गे नाशिककडे आली असे अनुमान करण्यास हरकत नाही, आणि यात एकवीरेचे नाव पाहताच जाणता माणूस गाडीखाली वाकून चासी बघतो. एकवीरा म्हणजे बहुधा किनारा, आणि किनाऱ्याची गाडी म्हणजे मासळी. मासळीवरच्या बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून झिरपून पत्रा आतून खाते, आणि वरून रंग ताजा दिसत असताना खाली बोट घातले तर ते आरपार जाते. वासाविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. पहिल्या पावसात तो आपला परिचय आपण देतो.

गाडीने पूर्वजन्मी काय वाहिले यावर या क्षेत्रात बरेच मौखिक वाङ्मय आहे. दुधाची गाडी रोज दोनदा पळालेली असते, पण वेळेवर पोचणे भाग असल्याने तिची निगा राखलेली असते, म्हणून तिला मान आहे. मंडपवाल्याची गाडी लग्नसराईपुरती चालते आणि एरवी झाडाखाली उभी असते, त्यामुळे ती कमी पळालेली निघते. मात्र उंदरांनी वायरिंगमध्ये संसार थाटलेला असतो. पाण्याचे जार वाहणाऱ्या गाडीचा हौदा गेलेला असतो. सर्वांत भीती बाळगली जाते ती डीजेच्या गाडीची, कारण तिच्या हौद्यात भिंतीएवढे स्पीकर रचून तिला मिरवणुकीत तासन् तास पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने नेलेले असते. क्लच प्लेट जळण्यास याहून अनुकूल परिस्थिती प्रयोगशाळेतही निर्माण करता येणार नाही. अशा गाडीचा एकही नट मूळ जागी घट्ट नसतो. विकणारा तिला ‘गणपतीतच फक्त चालवलेली’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात उगाच भक्तिभाव दाटून येतो.

व्यवहार झाला, पेढे वाटले, पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली, की मालकाच्या मनात एक बदल होतो. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडले की आपण केलेली कृती आणि आपले मत यांत विसंगती निर्माण झाली तर माणूस अस्वस्थ होतो, आणि कृती मागे घेता येत नसल्याने मत बदलतो. त्याच सुमारास झालेल्या एका अभ्यासात, नवी मोटार घेतलेली माणसे आपण घेऊन बसलेल्याच मोटारीच्या जाहिराती अधिक वाचतात, असेही दिसून आले. जुन्या पिकअपच्या जाहिराती नसल्याने येथील मालकाला ते काम स्वतः करावे लागते, आणि पारावर, सोसायटीच्या दारात, पाहुण्यांकडे तो ते मन लावून करतो.

प्रचाराचा पहिला भाग म्हणजे बंद पडण्याचे वर्गीकरण. दारातच गाडी सुरू झाली नाही, तर ती रस्त्यात नव्हतीच. उलट निघण्याआधी सांगितले म्हणून तिचे कौतुक होते. धाब्यावर बंद पडली तर तेथे जेवायला थांबायचेच होते. पंक्चरच्या दुकानापासून फर्लांगभर अलीकडे टायर बसला, तर ‘बघा, दुकानापर्यंत आणलं’ असे म्हटले जाते, जरी ते फर्लांगभर अंतर दोघांनी चाक ढकलत नेऊन पार केलेले असले तरी. कसाऱ्याच्या किंवा मलकापूरकडून कोकणात उतरणाऱ्या घाटात इंजिन तापले तर दोष घाटाचा असतो, कारण घाटात कोणतीही गाडी तापते. सर्वोच्च प्रशंसा त्या गाडीच्या वाट्याला येते जी पहाटे गुलटेकडीला किंवा वाशीला माल उतरवून मग बंद पडते. भाजीचा भाव मिळालेला असल्याने त्या दिवशी मालकाला ती गाडी समंजस वाटते. एवढे सगळे वगळल्यावर ‘रस्ता’ म्हणून जे उरते ते म्हणजे भरल्या गाडीने, रात्री, पावसात, जवळ गॅरेज आणि मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी थांबणे, आणि तसे झालेच तर गाडी भाचा चालवत होता.

दुसरा भाग म्हणजे गाडी कशाला म्हणायचे याचा निर्णय. मालकाच्या लेखी गाडी म्हणजे इंजिन. बाकी सारे ‘वरचं काम’. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, किंगपिन, सायलेन्सर, डायनामो, सेल्फ, रेडिएटर, दाराचा हँडल आणि काच वर करणारे यंत्र यांपैकी काहीही आठवड्याआड जात असले तरी इंजिन चालते आहे तोवर गाडी चांगली. पाटा, म्हणजे चाकावरची पोलादी कमान, तुटला तर तो खड्ड्यांचा आणि पर्यायाने बांधकाम खात्याचा दोष. बॅटरी गेली तर थंडी. या पद्धतीने प्रत्येक खर्चाला गाडीबाहेरचे कारण सापडत असल्यामुळे खर्चाची बेरीज कधी होत नाही, आणि ती न होणे घरातील शांततेच्या दृष्टीने इष्टच आहे. इंजिनच काढायची वेळ आली, तर आधी ‘हाफ इंजिन’ करतात, म्हणजे वरचा हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि गॅस्केट एवढेच पाहतात. ‘फुल इंजिन’ झाले, पिस्टन-रिंगांसकट सारे नवे बसले, की मालक अधिकच जोमाने सांगू लागतो की आता गाडी नवीच आहे. म्हणजे इंजिन न उघडणे हाही गुण आणि पूर्ण उघडणे हाही गुण.

यंत्रांच्या भरवशाचा अभ्यास करणारे अभियंते एक आलेख काढतात, त्याला बाथटब वक्र म्हणतात: यंत्र नवे असताना जोडणीतल्या चुकांमुळे बिघाड जास्त, मग दीर्घकाळ कमी, आणि भाग झिजू लागले की पुन्हा जास्त, अशी ती दोन्ही टोकांना वर गेलेली रेषा असते. जुन्या पिकअपला हा वक्र लागू होत नाही. तिच्यात एकाच वेळी काल बसवलेला नवा वॉटर पंप, दहा वर्षांपूर्वीचा गिअरबॉक्स आणि जुन्या बाजारातून आणलेला, वय अज्ञात असलेला डिफरन्शियल असतो, आणि प्रत्येक भाग आपापल्या वक्रावर निराळ्या ठिकाणी उभा असतो. त्यातून अभियंत्यांनी हे सगळे ठरलेल्या वजनाला धरून मोजलेले असते. दीड टनाचे पासिंग असलेल्या गाडीत साधारण वीस किलोचे टोमॅटोचे कॅरेट पंचाहत्तर मावायला हवेत; नारायणगावला भाव असला की शंभराच्या पुढे भरले जातात, आणि भाव पडला की एका फेरीत खर्च भागवायचा म्हणून त्याहून जास्त. त्यासाठी मागच्या पाट्यांत एक-दोन पाने वाढवून घेतात, ज्यामुळे भरलेली गाडी सरळ उभी राहते आणि रिकामी गाडी चालकाचे डोके छताला लावते. ‘टॉप गिअर’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाने २००३ साली एक जुनी टोयोटा हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, पेटवली आणि पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या माथ्यावर ठेवली, तरी ती सुरू झाली, याचे जगभर कौतुक झाले. तीत कांदा भरलेला नव्हता, एवढी नोंद घ्यायला हवी.

सर्व अतिशयोक्ती वगळली तरी मालकाच्या दाव्यात एक तथ्य शिल्लक राहते, आणि ते १ एप्रिल २०२० नंतर अधिक स्पष्ट झाले. त्या दिवसापासून देशात बीएस-६ हे उत्सर्जनाचे मानक लागू झाले. धूर आटोक्यात आणण्यासाठी आधीपासूनच वाढत आलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत आणखी भर पडली. शहरांच्या हवेसाठी हे आवश्यकच होते. पण अशा गाडीत बिघाड झाला की समोर एक दिवा लागतो, इंजिन आपली ताकद आपणच कमी करते, आणि दोष काय आहे हे ऐकून, हुंगून किंवा हात लावून कळत नाही. त्यासाठी स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर तालुक्याला असतो. जुन्या गाडीचा बिघाड मात्र कानाला, नाकाला आणि डोळ्यांना कळतो. डिझेलची टाकी झिरपू लागली तर भेगेवर अंगाचा साबण घासतात, रेडिएटर गळू लागला तर त्यात हळद टाकतात, होज फुटला तर जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधतात, आणि या तीन वस्तू कोणत्याही वस्तीवर रात्री दोन वाजताही मिळतात. म्हणजे जुनी गाडी अधिक वेळा थांबते, पण जेथे थांबते तेथून निघतेही. नवी क्वचित थांबते, आणि थांबली की टोइंगच्या गाडीवर बसून जाते. शेतमाल नासण्याच्या वेगाशी या दोहोंची तुलना केल्यास मालकाची निवड अडाणीपणाची म्हणता येत नाही.

सरकारचा या तर्कावर विश्वास नसल्याने मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते, आणि या विधीला बोलीत ‘पासिंग’च म्हणतात. पासिंगच्या दिवशी गाडीला दोन्ही आरसे असतात, दोन्ही वायपर हलतात, हॉर्न एकाच सुरात वाजतो, प्रथमोपचाराच्या पेटीत कापूससुद्धा असतो. यांतील बऱ्याच वस्तू शेजारच्या गाडीच्या असतात आणि संध्याकाळी परत केल्या जातात, कारण तिचे पासिंग पुढच्या आठवड्यात असते. हाच प्रथमोपचाराचा डबा किती वर्षे, किती गाड्यांतून योग्यता मिळवत फिरतो याचा अभ्यास व्हायला हवा.

अखेर कधीतरी गाडी विकायची ठरते. गावात तिला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण गावाने तिला अनेकदा ढकललेले असते. म्हणून ती शेजारच्या तालुक्यात जाते. पण जुन्या मालकाचा जीव तिच्यात अडकलेला असतो, आणि बाजाराच्या दिवशी ती कुठे उभी दिसली की तो नव्या मालकाला गाठून, न विचारता सूचना देऊ लागतो: दुसरा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा, डाव्या वळणावर दार आतून धरायचे, चढावर उभी केली तर चाकाखाली दगड लावायचाच, डिझेलचा काटा अर्ध्यावर दिसला की टाकी रिकामी समजायची. हे सारे विकताना का सांगितले नाही, असे नव्या मालकाने चिडून विचारले, तर त्याला खरोखरच्या आश्चर्याने उत्तर मिळते, ‘‘पाव्हणं, तुम्ही इंजिनचंच विचारलं होतं की!’’